प्रसिद्धीची उमेदवारी

विद्यार्थ्यांस पदवीबरोबर कांहीं व्यवहारज्ञानहि असावें, या हेतूनें त्यांस निरनिराळ्या व्यवसायांत उमेदवारीस पाठविण्याची पद्धत आतां चांगलीच रूढ झाली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें तर तिला अभ्यासक्रमांतच स्थान दिलें. हेतु स्तुत्य आहे. त्याविषयीं आमचा वाद नाहीं. संगीताच्या जलशांची व ध्वनिमुद्रणांची प्रसिद्धी करणाऱ्या मंडळींकडे जी उमेदवारी चालते, तिला शिक्षण म्हणावें कीं नाहीं, एवढाच आमचा प्रश्न आहे.

तेथें उमेदवाराचा दिवस कसा जातो? इन्स्टाग्रामवर चित्रें चढवावीं, अर्ध्या मिनिटाची रील कापावी, वृत्तपत्रांस मजकूर धाडावा, किती जणांनीं काय पाहिलें याचा हिशेब द्यावा. यांतील प्रत्येक काम उपयुक्त आहे. पण ज्याची प्रसिद्धी करावयाची तें गाणें त्यानें स्वस्थ बसून ऐकलें काय, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. मैफल रंगांत येते तेव्हां तो दाराशीं प्रवेशपत्रिका तपाशीत असतो, किंवा मोबाइल उंच धरून टाळ्यांची वाट पाहत असतो. याचा परिणाम काय व्हावयाचा तो होतो. विलंबित ख्याल अर्ध्या मिनिटांत मावत नाहीं. म्हणून सर्वांत वेगाची तान आणि तिच्यावरील टाळ्या तेवढ्या उचलल्या जातात. मारव्यासारख्या सायंकाळच्या रागाला 'प्रसन्न प्रभात' म्हटलें तरी तें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. तबलजीचें नांव गळतें, आणि प्रत्येक कार्यक्रम 'अविस्मरणीय सुरेल मेजवानी' ठरतो. यांत दोष मुलांचा नव्हे. ज्यांनीं त्यांच्या हातीं केवळ आंकडे दिले त्यांचा आहे.

कोणी म्हणतील, प्रसिद्धी ही स्वतंत्र कला आहे; साबण विकणाऱ्यास साबण घडवितां आला पाहिजे असें थोडेंच आहे? परंतु साबणाचा गुण अंगाला लावतांच कळतो. रागाचा गुण कळण्यास श्रोता तयार व्हावा लागतो, आणि तो तयार करणें हेंच संगीताच्या प्रसिद्धीचें खरें काम होय. पं. विष्णु दिगंबर पलुसकर यांनीं तें पुरतें ओळखलें होतें. १९०१ सालीं त्यांनीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढलें. तिकिटें लावून जलसे केले, छापखाना घातला, मासिक चालविलें. प्रसिद्धीचें कोणतेंहि साधन त्यांनीं हलकें मानलें नाहीं. पण त्यांचे शिष्य समाजापुढें गेले ते आधीं विद्या घेऊन. ओंकारनाथ ठाकूर यांस त्यांनीं १९१६ सालीं लाहोरच्या विद्यालयाचे प्रमुख नेमलें, तेव्हां ठाकूरांनीं विशीहि ओलांडली नव्हती. परंतु गुरुगृहीं कित्येक वर्षें त्यांचे कान आणि कंठ घडले होते. पुण्यास १९५३ सालीं पं. भीमसेन जोशी यांनीं गुरु सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ जो महोत्सव सुरू केला, तोहि ऐकून तृप्त झालेल्या शिष्याचाच उद्योग होता.

दुसरी गोष्ट द्रव्याची. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानें त्या कायद्याखालच्या उमेदवारास विद्यावेतन मिळतें. केवळ 'इंटर्नशिप' या नांवाखालीं राबणाऱ्यास तें आपोआप लाभत नाहीं. त्याला 'अनुभव हाच मोबदला' असें सांगण्यांत येतें. हा मोबदला ज्याच्या घरीं पोटापाण्याची सोय आहे त्यालाच परवडतो. लातूरच्या शिक्षकाच्या मुलीनें पुण्यास खोलीचें भाडें अनुभवांतून द्यावें काय? अशानें संगीताच्या व्यवसायाचें दार शहरांतील सुखवस्तु घरांपुरतेंच उघडें राहतें. लहान संस्थांजवळ पैसा नसतो, हें आम्ही जाणतों. त्यांनीं कामाचे तास मोजके ठेवावे, जाण्यायेण्याचा व जेवणाचा खर्च द्यावा. आणि मैफलींत एक जागा देण्यास तर कोणतीच संस्था इतकी गरीब नसते.

म्हणून पालकांस आमची विनंती आहे. मुलगा अथवा मुलगी अशा उमेदवारीस निघाल्यास संस्थेचें नांव मोठें आहे काय, एवढेंच पाहूं नये. वेतन काय, शिकविणार कोण, आणि गाणें ऐकावयास केव्हां मिळणार, हे तीन प्रश्न विचारावे. महाविद्यालयांनींहि प्रमाणपत्रावर शिक्का मारण्यापूर्वीं विद्यार्थ्यास ऐकलेल्या एखाद्या मैफलीविषयीं दोन पानें लिहावयास सांगावीं. ज्याला तीं लिहितां येत नाहींत, त्याच्या संस्थेस पुढील वर्षीं उमेदवार पाठवूं नयेत.