आधी दुरुस्तीचा धक्का, मग मरिना

कोकण किनाऱ्यावर मरिना बांधण्याच्या घोषणा वाचल्या की मला पहिला प्रश्न पडतो तो दुरुस्तीचा. होडी मोडली तर कुठे न्यायची? मुंबई ते गोवा हा सुमारे सव्वादोनशे सागरी मैलांचा प्रवास मी मित्राच्या शिडाच्या कॅटमरानवर करतो. उमेदीची वर्षं मालवाहू जहाजांच्या इंजिन-रूममध्ये काढली. तिथे सुट्या भागांचं कोठार असतं, लेथ असते, हाताखाली माणसं असतात. बारा मीटरच्या होडीवर पान्ह्यांची एक पेटी असते आणि आपण असतो.

कॅटमरानला दोन इंजिनं, म्हणून एक बंद पडलं तरी दुसरं आहेच, असा दिलासा दिला जातो. तो अर्धाच खरा. दोन्ही टाक्यांत एकाच पिंपातलं डिझेल भरलं आणि त्यात पाणी असलं, तर दोन्ही इंजिनं एकापाठोपाठ बंद पडतात. तेही समुद्र खवळलेला असताना, कारण तेव्हाच टाकीच्या तळाचा गाळ ढवळून फिल्टरमध्ये येतो. म्हणून आम्ही दोन टाक्या दोन वेगळ्या बंदरांत भरतो.

सगळ्यात जास्त त्रास दोरांचा. तुटून वाहत आलेली नायलॉनची जाळी पाण्याच्या पृष्ठभागाखाली तरंगत असतात, ती दिसत नाहीत. जयगडच्या अलीकडे असंच एक जाळं डाव्या पंख्यात गुंडाळलं गेलं आणि इंजिन दणका देऊन थांबलं. अशा वेळी पुन्हा स्टार्टर मारायचा नाही. त्यानं दोर आणखी आवळतो आणि सील फाटतं. शिडं वर होती, मतलई वारा चांगला होता, म्हणजे होडी आमच्या ताब्यात होती. लाटांवर आपटणाऱ्या होडीखाली सुरी घेऊन उतरणं जिवावर बेतू शकतं, म्हणून शांत पाणी मिळेपर्यंत थांबायचं ठरवलं. एका इंजिनवर खाडीत शिरताना मात्र कॅटमरान हट्टीपणा करतं. दोन पंख्यांमध्ये चार-पाच मीटरचं अंतर असतं, त्यामुळे नुसतं उजवं इंजिन चालवलं की नाळ डावीकडे जाते, आणि थोडा वेग आल्याशिवाय सुकाणू पाणी धरत नाही. आम्ही मग सगळी वळणं डावीकडूनच घेतली आणि मोकळ्या जागी नांगर टाकला.

थोड्या वेळात एक तांडेल आपली होडी घेऊन शेजारी आला. ‘‘काका, तुम्ही उतरू नका, पाणी गढूळ हाय. पोरगा उतरंल.’’ पोरानं बुड्या मारत दोर कापून काढला. तांडेल तेवढ्या वेळात आमच्या चालू असलेल्या उजव्या इंजिनाकडे पाहत होता. त्याच्या एक्झॉस्टमधून पाणी कमी पडतंय, हे त्यानंच सांगितलं. पंप उघडला तर रबरी चक्राची दोन पाती तुटलेली. नवं चक्र बसवणं सोपं असतं. तुटकी पाती शोधून काढणं खरं काम, कारण ती हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी अडकून बसली तर नव्या चक्रानंही इंजिन तापत राहतं. दोन्ही सापडेपर्यंत तो माणूस हलला नाही. त्याची स्वतःची होडी ट्रकच्या इंजिनावर चालते, पण डिझेल, हवा आणि पाणी यांचं गणित त्याला मुखोद्गत आहे.

असं ज्ञान आपल्या प्रत्येक मच्छीमार बंदरात आहे आणि सागरी पर्यटनाच्या आराखड्यात त्याला कुठेही जागा नाही, याची मला मनापासून चीड येते. जीव धोक्यात असेल तेव्हा व्हीएचएफचं १६ नंबरचं चॅनल आहे, तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक आहे. पंख्यातला दोर काढायला त्यांना बोलावणं योग्य नाही. त्यासाठी त्या त्या खाडीतला मिस्त्री हवा, त्याच्या कामाचा ठरलेला दर हवा आणि त्याचं नाव बंदर कार्यालयाच्या फळ्यावर हवं.

होडीवरच्यांनी स्वतः शिकलंच पाहिजे, हे मला मान्य आहे. अभिलाष टॉमी २०२२-२३च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत वाटेतल्या मोडतोडीची स्वतःच दुरुस्ती करत दुसरे आले. पण २०१८ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या ‘तारिणी’वर नौदलाच्या कसलेल्या अधिकारी होत्या, तरी सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाल्यावर त्यांना मॉरिशसचं पोर्ट लुई गाठावं लागलंच. कौशल्याला बंदराची जोड लागते.

खर्चही फार नाही. बहुतेक कॅटमरान ओहोटीला आपल्या दोन बुडांवर सरळ उभं राहतं, त्याला क्रेन लागत नाही. खाडीत काँक्रीटचा सपाट पट्टा, चार पक्के बोये, गोडं पाणी आणि गाळून मिळणारं डिझेल एवढं पुरे. १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारीबंदीत त्याच पट्ट्यावर मच्छीमारांच्या लहान होड्यांची कामं होतील, म्हणजे तो वर्षभर वापरात राहील. महाराष्ट्र सागरी मंडळानं सुरुवात विजयदुर्गपासून करावी. तिथल्या खाडीच्या तोंडाशी वाळूचा बांध नाही, आत चांगला आडोसा आहे आणि गिर्ये गावाजवळ मराठा आरमाराच्या गोदीचे अवशेष अजून उभे आहेत. त्यानंतर दाभोळ, जयगड आणि देवगड.