मानमोडीला कधी जाऊन आलात?

जुन्नरमध्ये सकाळी फिरायला निघणारी माणसं अलीकडे चांगलीच वाढली आहेत. कुणाला डॉक्टरांनी सांगितलेलं असतं, कुणाला घरात मुलीचं लग्न निघालं म्हणून पोट उतरवायचं असतं, कुणी नुकतेच निवृत्त झालेले असतात. त्यातले बरेच जण एखादं मैदान धरतात, त्याला गोल फेऱ्या मारतात आणि हातातल्या घड्याळात पावलं बघतात. पश्चिमेला शिवनेरी उभा, दक्षिणेला मानमोडी, कुकडीच्या पलीकडे लेण्याद्रीचा डोंगर, आणि मधल्या खळग्यात आपण गोल फिरतोय. २०११च्या जनगणनेत जेमतेम पंचवीस हजार भरलेल्या गावाला चहूबाजूंनी असे डोंगर मिळाले आहेत. तरी निवडणूक आली की उमेदवाराकडे आपली पहिली मागणी असते ती उद्यानाची.

पाहुणे आले की मात्र आपल्याला डोंगर आठवतात. त्याचाही ठरलेला क्रम आहे. सकाळी शिवनेरी, दुपारी लेण्याद्रीचा गणपती, पावसाळा असेल तर नाणेघाट, येताना मिसळ. पाहुणा खूश, आपलीही सुटका. या यादीत मानमोडी कधीच नसते. जन्म जुन्नरात गेलेल्या माणसांना मी विचारून पाहिलं आहे. ‘लहानपणी गेलो होतो बहुतेक’ हे नेहमीचं उत्तर.

मानमोडीला जायला गाडी लागत नाही. गावातून दक्षिणेकडे निघायचं, वस्ती संपली की शेताच्या बांधाने जायचं आणि मुरमाड चढ धरायचा. चढ अवघड नाही, पण पावसाळ्यात गवत ओलं असलं की घसरतं, आणि चपला घालून आलेला माणूस तिथेच कळतो. सप्टेंबरच्या शेवटी आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला इथे तेरडा आणि कवळा फुललेला असतो. गुलाबी आणि पिवळा, दोनच रंग, पण उतारच्या उतार भरलेले. कासच्या पठारासाठी ऑनलाइन नोंदणी करून साताऱ्याला जाणाऱ्यांना हे सांगितलं की ते हसतात. कासची फुलं जास्त आणि दुर्मीळ, हे मान्य. पण कास आपल्या घरामागे नाही.

वर लेण्यांचे तीन गट आहेत: भीमाशंकर, अंबा-अंबिका आणि भूतलेणं. भीमाशंकर गटात एक शिलालेख आहे. क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने इथे पाण्याची पोढी, म्हणजे टाकं, आणि मंडप करून दिला, असं त्यात कोरलंय. वर्ष दिलंय ४६. तो शक मानला तर इसवी सन १२४ येतं. राज्याच्या एवढ्या मोठ्या अधिकाऱ्याने दान काय केलं, तर डोंगरावर येणाऱ्यांसाठी पाणी आणि बसायला सावली. आजच्या लोकप्रतिनिधींनी हा लेख जाऊन बघावा. नावाची पाटी तेव्हाही होती, पण आधी टाकं होतं.

भूतलेण्याच्या कमानीत अर्धं कमळ आहे आणि त्याच्या पाकळ्यांत गजलक्ष्मी. खाली दान देणाऱ्याचं नाव आहे चंद, आणि तो स्वतःला यवन म्हणवतो. बाहेरच्या मुलखातून आलेला माणूस जुन्नरच्या डोंगरात बौद्ध भिक्षूंसाठी दार कोरवून घेतो आणि त्यावर लक्ष्मी बसवतो. आत काम अर्धवटच राहिलंय. मी तिथे बसतो तेव्हा लेण्यापेक्षा खालचं गाव जास्त बघतो. घाटावरून उतरलेला माल कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांना आणि तिकडचा माल इकडे, सगळा नाणेघाटाने जायचा. त्या व्यापाराच्या पैशातून जुन्नरभोवती दोनशेच्या घरात लेणी कोरली गेली. त्यातली बहुतेक कुणी बघत नाही. वटवाघळं आणि गुराखी तेवढे नेमाने येतात.

तुळजा लेणी पाडळीजवळ आहेत. तिथलं गोल चैत्यगृह मात्र चुकवू नये. मधे स्तूप, भोवती १२ साधे अष्टकोनी खांब आणि वर घुमटासारखं छत. अशा गोल विधानाची चैत्यगृहं देशात फार थोडी आहेत. लेण्याद्रीबद्दल सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे सांगत बसत नाही. पायऱ्या चढून गणपतीचं दर्शन झालं की लगेच उतरू नका, शेजारचा चैत्य बघा, एवढंच.

आता शिवनेरी. जुलै २०२५मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यात तो आहे. गर्दी वाढणार आणि वाढावीही. आपण गावकऱ्यांनी शनिवार-रविवार पाहुण्यांना सोडून द्यावा आणि मंगळवार-बुधवार सकाळ आपल्याकडे ठेवावी. सात दरवाजांच्या वाटेने चढलं तर दम लागतोच, आणि शिवाय वाटेत कड्यावर पाकोळ्या दिसतात, कधी शिक्रा दिसतो. कड्यांना आग्यामोहोळं आहेत. मधमाश्या उठल्याच्या बातम्या आपण वाचतो आणि दोष माशांना देतो. धूर, फटाके, उग्र अत्तर आणि दगड मारणारी पोरं यांचं नाव कुणी घेत नाही.

इथवर वाचून घरातलं कुणीतरी म्हणेल, आणि वाघरू? प्रश्न बरोबर आहे आणि तो टाळून जुन्नरच्या डोंगरांवर लिहिणं खोटेपणा होईल. कुकडी प्रकल्पाची येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे ही धरणं झाली, कालवे आले, ऊस आला आणि बिबट्याला बारमाही लपायला जागा मिळाली. कित्येक माद्यांची पिल्लं उसातच जन्मतात, तोडणी सुरू झाली की सापडतात, आणि वनखात्याची माणसं त्यांना आईपर्यंत पोचवायची खटपट करतात. माणिकडोहला बिबट्या निवारा केंद्र आहे. माणसं गेली आहेत, लहान मुलं गेली आहेत. ज्याच्या घरात हे घडलं त्याला ‘सहजीवन’ हा शब्द ऐकवू नये.

पण भीतीचाही हिशेब नीट मांडावा. बिबट्याला आडोसा लागतो. सकाळी नऊनंतर उघड्या गवताळ डोंगरावर चार-पाच जण बोलत चालले असताना धोका जेवढा, त्यापेक्षा तो संध्याकाळी सातला उसाच्या कडेच्या रस्त्याने एकट्याने मोबाइलमध्ये बघत जाण्यात जास्त, असं माझं मत आहे. आणि हे दुसरं आपण रोज करतो. म्हणून उजाडल्यावर निघायचं, अंधाराआधी परतायचं, पोरांना पुढे-मागे सोडायचं नाही, हातात काठी ठेवायची. त्या भागात बिबट्या दिसल्याची वर्दी असेल तर त्या आठवड्यात जायचंच नाही. डोंगर कुठे पळून जात नाही.

डोंगराला स्वतःलाही एक धोका आहे, तो वणव्याचा. फेब्रुवारीपासून रात्री गावातून बघितलं की कुठल्यातरी उतारावर आगीची रेघ दिसते. जाळलं की पुढच्या वर्षी गवत चांगलं येतं, ही समजूत जुनी आहे. त्यात जमिनीवरची अंडी, पिल्लं, सरडे, मातीतलं बी, सगळं जातं. मग जुलैत आपण वाजतगाजत वृक्षारोपण करतो. बऱ्याच ठिकाणी गिरिपुष्पासारखी भराभर वाढणारी परदेशी झाडं लावली गेली. हिरवं दिसतं, फोटोला बरं. माझ्या मते गवताचा डोंगर हा ओसाड डोंगर नव्हे. चंडोलाला गवत लागतं, सशाला लागतं, आपल्या मेंढपाळालाही लागतं. खड्डे घेण्याआधी जाळरेषा काढायला आणि आग दिसली की वर जायला माणसं मिळाली, तर डोंगराचं भलं जास्त होईल.

ज्यांना खरं रान हवं त्यांनी पश्चिमेला आंबे-हातवीज, दुर्गवाडीकडे जावं. तिथे पाऊस वेगळा, माती वेगळी. हिरड्याची झाडं आहेत, देवराई आहे, आणि बाळहिरडा गोळा करून वर्षाचा खर्च भागवणारी महादेव कोळी कुटुंबं आहेत. तिथे मात्र पाहुण्यासारखं वागावं. गाडीतली गाणी बंद ठेवावीत आणि जेवण गावातल्या घरी सांगावं.

डिसेंबरमध्ये शाळांच्या सहली निघतात. पहाटे बस, दिवसभर वॉटर पार्क, रात्री उलट्या. गावातल्या मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे की यंदा आठवी-नववीची एक सहल पायी मानमोडीला काढा. वनखात्याला आधी कळवा, वाट माहीत असलेला माणूस बरोबर घ्या, सकाळी उजाडल्यावर निघा आणि दुपारच्या जेवणाला परत या. तिकीट नाही, बसचं भाडं नाही. पालकांनी संमतीपत्रावर सही करावी आणि जमलं तर स्वतःही बरोबर जावं.