विमान झाकलेले, प्रवासी उघडा

वैयक्तिक विदा संरक्षणाचे नियम १४ नोव्हेंबर २०२५ रोजी अधिसूचित झाले, आणि त्याबरोबरच माहिती अधिकार कायद्यातील कलम ८(१)(जे) बदलले. एखाद्या वैयक्तिक माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध असेल किंवा व्यापक लोकहित असेल तर ती द्यावी, अशी तरतूद त्या कलमातच होती. आता तेथे 'वैयक्तिक माहिती' एवढे म्हटले की पुरते. याला खासगीपणाचा विजय म्हणणाऱ्या मित्रांशी माझे भांडण आहे. मी कायद्याचा अभ्यासक नाही, भौतिकशास्त्राचा आहे. म्हणून मला थोडेफार कळते त्या एकाच क्षेत्रापुरते बोलतो. ते क्षेत्र म्हणजे विमानप्रवास.

आकाशातले प्रवासी विमान साधारण दर अर्ध्या सेकंदाला १०९० मेगाहर्ट्झवर आपली जागा पुकारत असते. ११२ बिटांचा संदेश, त्यात चोवीस बिटांची विमानाची ओळख, आणि कूटबद्धता अजिबात नाही. ही कोणाची नजरचूक नसून रचनाच तशी आहे. शेजारच्या विमानाला, परक्या देशातल्या मनोऱ्याला कोणाकडेही किल्ली न मागता तो संदेश वाचता आला पाहिजे. साध्या दूरचित्रवाणीसाठी बनलेला एक यूएसबी ग्राहक आणि सात सेंटिमीटरची तार एवढ्यावर तो ऐकू येतो. त्यात एकाही माणसाचे नाव नसते.

या उघडेपणाचा उपयोग काय, असे विचारणाऱ्यांसाठी एक उदाहरण. प्रत्येक विमान आपल्या जागेबरोबरच 'या जागेवर माझा कितपत भरवसा आहे' हेही सांगत असते. हजारो हौशी ग्राहकांकडचे हे आकडे एकत्र केले की जीपीएसमध्ये कोठे ढवळाढवळ चालू आहे, ते नकाशावर उमटते. नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात अशा ४६५ घटना, त्याही मुख्यतः अमृतसर आणि जम्मू परिसरात, नोंदल्या गेल्याचे सरकारने संसदेत सांगितले. त्यासाठी संसदेच्या उत्तराची वाट पाहावी लागत नाही, हे या खुल्या संदेशांचे मोल.

दुसरे उदाहरण अधिक दुःखद आहे. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादेत एअर इंडियाचे विमान कोसळले; विमानातील आणि जमिनीवरील मिळून २६० माणसे गेली. विमानांचा मागोवा घेणाऱ्या संकेतस्थळावर त्याच दिवशी शेवटचा संदेश उपलब्ध होता: ६२५ फूट, तोही हवेच्या दाबाची दुरुस्ती न केलेला आकडा. विमानाने धावपट्टीच्या मधूनच धाव घेतली, असे आधी त्याच विदेवरून वाटले. मग अधिक ग्राहकांच्या नोंदी पाहून, विमान धावपट्टीच्या टोकापर्यंत मागे गेले होते आणि पूर्ण लांबी वापरली होती, असा खुलासा झाला. चूक चारचौघांत झाली म्हणून चारचौघांत दुरुस्तही झाली.

आता अधिकृत प्राथमिक अहवालाकडे पाहा. इंधनाचे दोन्ही स्विच एका सेकंदाच्या अंतराने बंद स्थितीत गेले, असे तो सांगतो. पुढे कॉकपिटमधील संभाषणाचा एका ओळीचा गोषवारा येतो: एकाने विचारले, तू बंद का केलेस, दुसरा म्हणाला, मी केले नाही. कोण बोलले? कोणत्या सेकंदाला? त्याचा उल्लेख नाही. ब्लॅक बॉक्सचे मूळ आकडेही जनतेसमोर ठेवलेले नाहीत. मृत वैमानिकांचे शेवटचे बोलणे ही विमानातली सर्वांत खासगी वस्तू. आंतरराष्ट्रीय नियमही तिला खास संरक्षण देतात. तिचा अर्धा तुकडा बाहेर आला, आणि जे आकडे निर्जीव यंत्राचे होते ते कपाटात राहिले. मग दोन माणसांच्या आयुष्याची जगभर जी चिरफाड झाली, तिचे नवल का वाटावे? अर्धवट विदा दिली की रिकामी जागा अफवा भरून काढते. प्रयोगशाळेतला पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही हे जाणतो.

आणि प्रवासी? परदेशी जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाचा आरक्षणाचा तपशील, म्हणजे संपर्क, पैसे कसे भरले, आसन, सामान, हे सारे २०२२ च्या नियमांनुसार सीमाशुल्क खात्याकडे जाते आणि पाच वर्षांपर्यंत तेथे राहू शकते. देशांतर्गत प्रवासात 'डिजियात्रा' चेहरा मागते. ती चालवणाऱ्या संस्थेत विमानतळ प्राधिकरणाचा वाटा २६ टक्के, उरलेला विमानतळ कंपन्यांचा. म्हणून माहिती अधिकार लागू नाही. चेहऱ्याची नोंद चोवीस तासांत पुसली जाते, असे सांगतात. पुसली की नाही, हे विचारायचे कोणाला? गेल्या वर्षी एका विमानतळाच्या दारात मी 'नको' म्हणण्याआधीच माझी नोंदणी सुरू झाली होती. हे ऐच्छिक आहे ना, असे विचारले. "सगळेच करतात, सर," असे उत्तर आले. मागे रांग होती. मी गप्प बसलो, आणि त्याचा राग अजून स्वतःवरच आहे.

सुरक्षेचा आक्षेप मला पोरकट वाटत नाही. मे २०२५ मध्ये लष्करी धावपट्ट्यांवरून उडणाऱ्या प्रवासी विमानांच्या खिडक्या झाकण्याचा आदेश निघाला, तेव्हाचा काळच तसा होता. पण लष्करी विमान हवे तेव्हा आपला संदेश बंद करू शकते. त्याला कोणी आडकाठी केलेली नाही. खासगी विमानाच्या मालकाचा पाठलाग होतो, हा दुसरा आक्षेप. त्यावर अमेरिकेत पर्यायी ओळखक्रमांकाची सोय आहे, तशी येथेही करा. माझी चिंता वेगळ्या विमानांची आहे: सरकारी तिजोरीतून भाड्याने घेतलेल्या विमानात कोण बसले, या प्रश्नाला आता 'वैयक्तिक माहिती' हे उत्तर देणे किती सोपे झाले! व्यापक लोकहिताचे कलम ८(२) अजून शाबूत आहे, असे सांगितले जाते. आहे खरे; पण तेथे माहिती द्यायची की नाही, याचा तराजू आधी त्याच कार्यालयाच्या हाती असतो.

अहमदाबादचा अंतिम अहवाल हाती येईल तेव्हा मी निष्कर्ष आधी वाचणार नाही. परिशिष्टे उघडीन, आणि दोन्ही स्विचांच्या, दोन्ही इंजिनांच्या नोंदी सेकंदागणिक छापल्या आहेत की पुन्हा गोषवाराच दिला आहे, ते पाहीन.