टॉन्सिल कापायच्या आधी वही काढा

मे महिन्याची सुट्टी जवळ आली की आपल्याकडे दोन गोष्टींच्या तारखा निघतात. एक लग्नांच्या, दुसऱ्या पोरांच्या टॉन्सिलच्या ऑपरेशनच्या. "आ कर बघू" म्हणून बॅटरी मारायची, "बापरे, केवढे वाढलेत" म्हणायचं आणि लगेच खर्चाचा आकडा सांगायचा. आईबाप घाबरतात आणि उसनवारीला लागतात. मी स्पष्टच लिहितो, नुसता घसा बघून ऑपरेशन ठरवणं हा अंदाजपंचे कारभार आहे.

"पत्रकाराला डॉक्टरकीतलं काय कळतं?" असं कोणीतरी विचारणारच. म्हणून डॉक्टरांच्याच अभ्यासातलं सांगतो.

१९३४ साली न्यूयॉर्कमधल्या १,००० शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध झाली. ६११ जणांचे टॉन्सिल आधीच काढलेले होते. उरलेली ३८९ मुलं डॉक्टरांना दाखवली, त्यांनी १७४ जणांना ऑपरेशन सांगितलं. 'गरज नाही' म्हटलेली २१५ मुलं दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवली, तिथे ९९ जणांना 'काढा'. राहिलेली ११६ तिसऱ्यांकडे, तिथे आणखी ५१. शेवटी सुटली फक्त ६५! आधीच्या डॉक्टरांनी सोडून दिलेले घसे, तरी दर फेरीला जवळजवळ निम्मी पोरं कापायच्या रांगेत. नुसत्या नजरेचा भरवसा हा एवढाच.

मग मोजायचं कसं? पिट्सबर्गच्या डॉ. जॅक पॅराडाइज यांनी १९८४ मध्ये ठोस आकडे वापरून अभ्यास केला. घशाचा आजार एका वर्षात ७ वेळा, किंवा सलग दोन वर्षं दरवर्षी ५ वेळा, किंवा सलग तीन वर्षं दरवर्षी ३ वेळा. तोही नुसता 'घसा खवखवतोय' असा नाही. प्रत्येक वेळी ताप, मानेत गाठी, टॉन्सिलवर पू किंवा तपासणीत स्ट्रेप्टोकोकस जंतू, यातलं काहीतरी हवं आणि त्याची नोंद हवी. एवढा त्रास असलेल्या मुलांना ऑपरेशनचा फायदा झाला. पण त्याच डॉक्टरांनी २००२ मध्ये कमी त्रासाच्या मुलांचा अभ्यास मांडला, तेव्हा निष्कर्ष निघाला की होणारा थोडासा फायदा धोका आणि खर्चाच्या मानाने परवडणारा नाही.

आता उलट बाजू. पोरगं रात्री घोरता घोरता श्वास अडकून दचकत असेल तर 'मोठेपणी जाईल' म्हणून बसू नका. २०१३ च्या अमेरिकन अभ्यासात झोपेत श्वास अडकणारी ५ ते ९ वर्षांची ४६४ मुलं होती. सात महिन्यांनी झोपेची तपासणी सुधारून नॉर्मल आली ती ऑपरेशन झालेल्यांत ७९ टक्क्यांची, वाट बघणाऱ्यांत ४६ टक्क्यांची. म्हणजे माझं भांडण ऑपरेशनशी नाही, कारण न सांगता केलेल्या ऑपरेशनशी आहे.

आणि वाट बघणं म्हणजे दुर्लक्ष नव्हे. स्ट्रेप्टोकोकसचं दुखणं अर्धवट सोडलं तर संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा खराब होऊ शकतात. डॉक्टरांनी दिलेला अँटिबायोटिकचा कोर्स दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून बंद करू नका.

ऑपरेशन झालंच, तरी घरी पाठवताना नीट सांगतं कोण? घशात पांढरी खपली दिसते, ती पू नसते. रक्तस्राव पहिल्या दिवशी होतो तसा ५ ते १० दिवसांनी खपली निघतानाही होऊ शकतो. ताजं लाल रक्त दिसलं की थेट दवाखाना गाठा. दुखतं म्हणून घरातलं कोडीनचं औषध पाजू नका. काही मुलांच्या शरीरात त्याचं भराभर मॉर्फिन होतं आणि श्वास मंदावतो. मृत्यू झाले म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ मध्ये या ऑपरेशननंतर मुलांना ते देण्याला मनाई केली.

तेव्हा आईबापांनो, आजच एक दहा रुपयांची वही आणा. तारीख, ताप किती, औषध काय, शाळा किती दिवस बुडाली, सगळं लिहा. पुढच्या वेळी "काढून टाकू" ऐकलं की वही पुढे करा आणि विचारा, "डॉक्टरसाहेब, यातल्या कोणत्या नोंदीवरून?" प्रामाणिक डॉक्टर या प्रश्नाने चिडत नाही, उलट वही हातात घेतो. जो चिडेल, त्याच्या कागदावर सही करू नका.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर खाली भांडा, पण आकडे घेऊन या.