कॅमेरा एकाचा, मालकी दुसऱ्याची!

रॉक संगीताच्या नियतकालिकासाठी बँडचे फोटो काढणे म्हणजे निव्वळ मौज, असा समज आहे. आम्ही याकडे श्रम म्हणून पाहतो. आणि श्रम आला की त्याच्या फळाचा धनी कोण, हा प्रश्न येतोच.

१९६७ साली अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला ‘रोलिंग स्टोन’ निघाले. बॅरन वोल्मन हे त्याचे पहिले मुख्य छायाचित्रकार. त्यांनी पगार सोडला, बदल्यात शेअर घेतले आणि अट घातली : फोटोंची मालकी माझीच राहील. त्याच वर्षी ‘ग्रेटफुल डेड’ या बँडच्या घरावर अमली पदार्थांवरून धाड पडली. सुटून आलेल्या वादकांना वोल्मन यांनी त्याच घराच्या पायऱ्यांवर टिपले. पहिल्याच अंकात ते फोटो झळकले. अंक जुना झाला. फोटो वोल्मन यांचेच राहिले. २०११ साली त्यांचे पुस्तकही निघाले.

आज चित्र काय आहे? मोठ्या मैफलीत छायाचित्रकाराला बहुधा पहिली तीन गाणी मिळतात, तीही फ्लॅशविना. मग बाहेरची वाट! त्यावर पुन्हा करारपत्र. २०१५ साली ‘फू फायटर्स’च्या करारात फोटोला बँडची मंजुरी, वापर एकदाच आणि कॉपीराइट मात्र बँडकडे, अशी कलमे होती. ‘वॉशिंग्टन सिटी पेपर’ने सही नाकारली आणि प्रेक्षकांकडून फोटो विकत घेण्याचे ठरवले. कॅनडातील ‘ल सोलेय’ने तर छायाचित्रकाराऐवजी चित्रकार धाडला. बँडला प्रतिमा जपण्याचा हक्क आहे, हे आम्हाला मान्य आहे. पण प्रतिमा जपणे वेगळे आणि दुसऱ्याची मेहनत फुकट गिळणे वेगळे.

हे दूर देशीचे दुखणे म्हणून सोडून देता येणार नाही. आपल्याकडील १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम १७ पाहा. मोबदला देऊन कोणी फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक पैसे देणाराच! मात्र ‘वेगळा करार नसेल तर’ या शब्दांतच सुटकेची वाट आहे. जलशांचे, मोर्चांचे, मेळाव्यांचे फोटो काढणाऱ्या आमच्या तरुणांनी ती ओळखावी. काम घेण्यापूर्वी दोन ओळी लेखी घ्याव्यात : फोटोखाली नाव माझे, मालकी माझी. एकट्याला नकार परवडत नाही, म्हणून नकार संघटित हवा. तोंडी शब्दावर विसंबणारा आपला हक्क आपल्याच हाताने गमावतो.