विचारल्याशिवाय कुणाचंही बोलणं यंत्राच्या हवाली करू नका

अहमदपूर आणि परिसरातल्या महाविद्यालयांचे प्राचार्य, प्राध्यापक, कार्यालयीन कर्मचारी, विद्यार्थी आणि पालक या सर्वांना ही कळकळीची विनंती आहे.

आपल्या ऑनलाइन बैठकांमध्ये आता माणसांच्या चेहऱ्यांबरोबर एक बिनचेहऱ्याचा चौकोन दिसू लागला आहे. त्यावर ‘अमुक सरांचा नोटटेकर’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. ऑटर, फायरफ्लाइज, रीड एआय अशा कंपन्यांची ही साधनं आहेत. झूम, गूगल मीट आणि मायक्रोसॉफ्ट टीम्समध्येही तशीच सोय आली आहे. हे यंत्र सगळं ऐकतं, शब्द न् शब्द उतरवून घेतं आणि बैठक संपली की सारांश पाठवून देतं. त्याला आत कुणी घेतलं, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. समोर वरिष्ठ बसलेले असतात, म्हणून कुणी विचारतही नाही. हे विचारणं आजपासून सुरू करा, एवढ्यासाठीच हे लिहितो आहे.

या साधनांवर बंदी घाला, असं माझं म्हणणं नाही. त्यांचा उपयोग मी जाणतो. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या अभ्यासमंडळाची बैठक विष्णुपुरीला असली की अहमदपूरच्या माणसाचा दिवस एसटीत जायचा. कोविडच्या काळात त्या बैठका पडद्यावर आल्या. अभ्यासक्रमाची चर्चा, नॅकच्या तयारीचं कामवाटप, परीक्षेचं नियोजन अशा ठिकाणी इतिवृत्त वेळेवर हाती आलं तर कामं अडत नाहीत. ज्या सहकाऱ्याला कमी ऐकू येतं, त्याच्यासाठी तर पडद्यावर उमटणारी अक्षरं मोठा आधार आहेत. अशा बैठकीत सगळ्यांना विचारून, सगळ्यांच्या होकारानं यंत्र खुशाल वापरा.

पण महाविद्यालयात दुसऱ्या प्रकारचंही बोलणं होतं. शिष्यवृत्ती अडकलेला मुलगा फी भरायला मुदत मागताना घरावरच्या कर्जाबद्दल सांगतो. मुलगी म्हणते, “मॅडम, घरचे लग्नाचं बघायलेत, परीक्षेपर्यंत थांबा म्हणून तुम्ही सांगा की.” कुणी जातीवरून झालेला अपमान सांगतं, कुणी वसतिगृहातली रॅगिंग, कुणी आजार. हे बोलणं त्या माणसानं त्या खोलीतल्या एका-दोघांवर विश्वास टाकून केलेलं असतं. तिथं यंत्र नकोच. संमती घेऊनही नको. अडचणीत सापडलेलं लेकरू गुरुजींना ‘नाही’ म्हणू शकत नाही. अशा वेळी त्यानं दिलेला होकार हा होकार नव्हे.

“नाव काढून टाकू, मग काय बिघडतं?” असं कुणी म्हणेल. मुंबईत ते काही अंशी चालेलही. इथं चालणार नाही. हाडोळतीची, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची, वडील नाहीत, भाऊ पुण्यात कंपनीत. एवढं सारांशात आलं तरी अर्ध्या गावाला मुलगी कळते. किनगाव असो की शिरूर ताजबंद, आपल्या भागात माणूस नावाआधी गावावरून, घरावरून ओळखला जातो. मोठ्या शहरातल्या कंपनीनं बेतलेली गोपनीयता आपल्या तालुक्यात पुरी पडत नाही. हे आपण ओळखलं नाही, तर दुसरं कुणी ओळखणार नाही.

यंत्र आत कसं येतं, तेही समजून घ्या. एखाद्यानं कधीतरी फुकट खातं उघडताना आपलं कॅलेंडर पाहण्याची परवानगी दिलेली असते. त्यानंतर कॅलेंडरमध्ये जी बैठक दिसेल तिथं ते आपसूक हजर होऊ शकतं, कधी तो माणूस स्वतः आलेला नसतानाही. सेटिंग तशी असेल तर सारांश निमंत्रितांच्या पूर्ण यादीला जातो, म्हणजे मधूनच उठून गेलेल्यांनाही. मूळ ध्वनिमुद्रण कंपनीच्या सर्व्हरवर राहतं. शिवाय ते आपली बोली पुरती समजतं, असंही नाही. मराठी, हिंदी, इंग्रजी एकाच वाक्यात, त्यात मागून पंख्याचा आवाज. अशात एखादा ‘नको’ गळाला किंवा एकाचं वाक्य दुसऱ्याच्या नावावर चढलं, तर कागदावर भलताच माणूस दोषी दिसतो. म्हणून यंत्रानं लिहिलेला मजकूर माणसानं तपासल्याशिवाय इतिवृत्त म्हणून मंजूर करू नये.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 रोजी एकमतानं सांगितलं. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 चा आहे. संमती मोकळेपणानं, नेमक्या कारणासाठी, माहिती घेऊन दिलेली हवी आणि ती देणं जितकं सोपं तितकंच मागे घेणंही सोपं हवं, असं तो म्हणतो. संमतीची सूचना मराठीत वाचण्याचा पर्यायही तो देतो. सुरक्षेत हयगय झाल्यास दंड 250 कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती लागते, आणि आपल्या कनिष्ठ महाविद्यालयातली बहुतेक मुलं त्याच वयाची आहेत. या कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी अठरा महिन्यांची मुदत मिळाली. त्या मुदतीवर विसंबून राहू नका. आज सर्व्हरवर साठलेलं बोलणं मुदत संपेल त्या दिवशी आपोआप पुसलं जाणार नाही. लैंगिक छळाच्या तक्रारींबाबत तर 2013 च्या कायद्याचं कलम 16 आजही लागू आहे. तक्रार, तक्रारदाराची ओळख आणि चौकशीचं कामकाज जाहीर करायला ते मनाई करतं. अशा तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीच्या बैठकीत बाहेरच्या कंपनीचं यंत्र बसू देणं म्हणजे ही गोपनीयता स्वतःच्या हातानं धोक्यात घालणं आहे.

जगातही यावर वाद सुरू झाले आहेत. खातं नसलेल्या लोकांचं बोलणंही संमतीविना मुद्रित केलं आणि यंत्राच्या प्रशिक्षणाला वापरलं, असा आरोप करणारा खटला ऑगस्ट 2025 मध्ये कॅलिफोर्नियात ऑटरविरुद्ध दाखल झाला. आपल्या केंद्रीय अर्थ मंत्रालयानं जानेवारी 2025 मध्येच कार्यालयीन संगणकांवर चॅटजीपीटी आणि डीपसीकसारखी साधनं वापरू नका, असं कर्मचाऱ्यांना कळवलं होतं. सरकारी कागदाला जी काळजी, ती आपल्या विद्यार्थ्याच्या शब्दाला का नसावी?

प्राचार्यांनो, महाविद्यालय विकास समितीच्या येत्या बैठकीत हा विषय घ्या. कोणतं साधन चालेल, कोणत्या बैठकीत चालणार नाही, ध्वनिमुद्रण किती दिवसांनी पुसायचं आणि ते पुसल्याची जबाबदारी कुणाची, हे मराठीत एका पानावर लिहून फलकावर लावा. बैठक बोलावणाऱ्यानं प्रतीक्षाकक्ष चालू ठेवावा आणि अनोळखी चौकोन दिसताच तो बाहेर काढावा. प्राध्यापक मित्रांनो, आज रात्रीच आपलं गूगल खातं उघडा, बाहेरच्या कोणत्या ॲपना कॅलेंडरची परवानगी दिली आहे ते पाहा आणि नको असलेली काढून टाका. नुसता पासवर्ड बदलून भागेल असं समजू नका.

आणि विद्यार्थ्यांनो, मार्गदर्शनाच्या किंवा तक्रारीच्या बैठकीत तो चौकोन दिसला, तर “सर, हे बंद करा, मग मी बोलतो” असं म्हणा. त्यावरून कुणी रागावलं, तर पालकांना घेऊन प्राचार्यांकडे जा. पालकांनी त्या वेळी मुलामागं उभं राहावं.