गॅस बदलला, मास्तरांना कोणी सांगितले?



पगार, पेन्शन, भरती आणि ठेकेदारी हे आपल्या पानांवरचे नेहमीचे विषय. यावेळी आम्ही एका बाजूला पडलेल्या माणसाविषयी लिहिणार आहोत. तो म्हणजे एअर कंडिशनिंगचे काम शिकवणारा इन्स्ट्रक्टर. आयटीआयमध्ये त्याला शिल्प निदेशक म्हणतात, आमच्या डेपोत पोरे त्याला सरळ मास्तर म्हणतात. या मास्तरांची अखिल भारतीय परिषद दरवर्षी भरली पाहिजे आणि तिला जाणाऱ्यास ड्युटी, पास व भत्ता मिळाला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. काही साथी हसतील. कामगारांच्या एवढ्या मागण्या पडून असताना मास्तरांची परिषद कशाला? म्हणून आधी एक हकिकत सांगतो.

गोष्ट २००० सालानंतरची, आमच्याच भागातल्या एका डेपोतली. त्या काळी जुन्या एसी डब्यांच्या पोटाखाली ओपन टाइप कॉम्प्रेसर असे आणि त्यात आर-१२ गॅस. ओझोनच्या थराला भोक पाडणारा म्हणून तो जगभर बंद करायचे ठरले होते. मॉन्ट्रियल करार १९८७ चा, भारत त्यात १९९२ साली सामील झाला आणि १ जानेवारी २०१० ही आपल्याकडची शेवटची तारीख होती. त्याप्रमाणे डब्यांतून आर-१२ काढून आर-१३४ए भरणे सुरू झाले. पाटी बदलली, सिलिंडरचा रंग बदलला. शिकवणे मात्र तेच राहिले.

गळती शोधायला तेव्हा हॅलाइड टॉर्च वापरत. ज्योतीवर तांब्याची पट्टी तापते, नळीतून हवा आत ओढली जाते आणि हवेत गॅस असला की ज्योत हिरवी होते. ही हिरवी ज्योत क्लोरीनमुळे दिसते. आर-१२ मध्ये क्लोरीन आहे, आर-१३४ए मध्ये मुळीच नाही. म्हणजे नव्या गॅसची कितीही गळती असली तरी ज्योत निळीची निळीच. आमच्या एका मेकॅनिकने मे महिन्यात सांधा न् सांधा टॉर्चने तपासला, ज्योत हिरवी झाली नाही, म्हणून डबा फिट दिला. मधल्या स्टेशनापर्यंत गॅस उडून गेला. डबा तापला, प्रवाशांनी साखळी ओढली, लहान मुले रडू लागली आणि डब्यात सापडलेल्या आमच्या माणसाची कॉलर लोकांनी धरली. परत आल्यावर त्याच्या हातात एसएफ-११ पडला. कामात निष्काळजीपणा!

त्याचे उत्तर आम्हीच लिहून दिले. आम्ही दहावी पास, केमिस्ट्रीचा आमचा काय संबंध! पण त्या निमित्ताने चौकशी करताना सगळे कळले. ज्या मास्तरांनी त्याला शिकवले होते त्यांच्याकडे गेलो. ते म्हणाले, "भाऊ, मला ज्याने शिकवले तेच मी शिकवले. गॅस बदलल्याचे मला स्टोअरमधून कळले." नव्या गॅसच्या सूचनांचे इंग्रजी पत्रक ऑफिसातल्या कपाटात फायलीला लावलेले होते. सही-शिक्क्यासह. मेकॅनिकची एक वेतनवाढ रोखली गेली. पुढे अपिलात शिक्षा सेन्शरवर आली. मास्तरांना कोणी काही विचारले नाही आणि कपाटाला तर नाहीच नाही.

बंधूंनो, ही फक्त जुनी कहाणी असती तर आम्ही कागद खराब केला नसता. पण गॅस बदलणे थांबलेले नाही. आर-१२ गेला. छतावरच्या पॅकेज युनिटमध्ये आर-२२ होता, त्याच्या जागी आर-४०७सी आला. आर-२२ वापरून नवी यंत्रे बनवणे आपल्या देशात २०२४ अखेर बंद करण्याचे नियमात ठरले. २०१६ च्या किगाली दुरुस्तीला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली. तिच्यामुळे आर-१३४ए च्या जातीचे गॅससुद्धा २०२८ पासून गोठवायचे आणि पुढे २०४७ पर्यंत ८५ टक्के कमी करायचे आहेत. म्हणजे आज अप्रेंटिस म्हणून लागलेला मुलगा निवृत्त होईपर्यंत आणखी दोन-तीन वेळा तरी गॅस बदललेला पाहील.

प्रत्येक गॅसचा स्वभाव वेगळा. आर-४०७सी हे तीन गॅसचे मिश्रण आहे. गळती झाली की त्यातले हलके आधी निघून जातात, म्हणून वरून थोडा "टॉपअप" मारला तर मिश्रण बिघडते. उरलेला गॅस काढून, व्हॅक्यूम करून, नवा गॅस वजनाने आणि द्रव स्वरूपात भरावा लागतो. नव्या गॅसचे तेलही वेगळे. ते हवेतली ओल झपाट्याने शोषते, म्हणून कॉम्प्रेसरनेच व्हॅक्यूम ओढण्याची जुनी युक्ती इथे घात करते. घरगुती एसीत आज सर्रास दिसणाऱ्या आर-३२ चा दाब आर-२२ च्या दीडपटीहून अधिक, आणि तो पेट घेऊ शकतो. आर-२९० तर सरळ प्रोपेनच. आता विचार करा, ज्या मास्तरांचा हात अजून हॅलाइड टॉर्चकडे जातो त्यांनी शिकवलेला मुलगा प्रोपेनच्या यंत्राजवळ पेटती ज्योत घेऊन गेला तर? किंवा नायट्रोजन संपला म्हणून ऑक्सिजनने प्रेशर टेस्ट घेतली तर? तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो. त्यावेळी एसएफ-११ देण्यासाठी माणूस शिल्लक राहणार नाही.

सरकारला हे कळत नाही असे आम्ही म्हणणार नाही. मार्च २०१९ च्या इंडिया कूलिंग ॲक्शन प्लॅनमध्ये एक लाख तंत्रज्ञांना शिकवून प्रमाणपत्र देण्याचे लक्ष्य धरले होते. चांगली गोष्ट आहे. पण एक लाखांना शिकवायचे तर शिकवणाऱ्याला आधी कोण शिकवणार? अमेरिकेत १९९४ पासून गॅस हाताळणाऱ्या मेकॅनिकला कायद्यानेच परीक्षा द्यावी लागते आणि तिथे या धंद्यातल्या मास्तरांची वेगळी राष्ट्रीय परिषद भरते. लास व्हेगाससारख्या शहरात शेकडो मास्तर जमतात, कंपन्यांचे लोक नवी यंत्रे त्यांच्यापुढे मांडतात. आपल्याकडे तसा परवाना सक्तीचा नाही. 'इश्रे' या संस्थेचे मोठे प्रदर्शन भरते, आलटून पालटून मुंबई, दिल्लीकडे, बंगळूरला. पाहण्यासारखे असते. पण आमचा मास्तर तिथे गेलाच तर स्वतःची रजा टाकून, स्वतःच्या खिशातून जेवून, आणि कंपनीच्या स्टॉलवरची पिशवी घेऊन परत येतो. साहेबांसाठी नाशिक रोडला १९८८ पासून विद्युत अभियंत्यांची मोठी संस्था आहे. मास्तरांसाठी काय आहे?

परिषदांविषयी आमच्या मनातही शंका आहेत, त्या लपवत नाही. दीप प्रज्वलन, शाल, श्रीफळ, स्वागताची दोन तास भाषणे आणि जेवणानंतर खुर्च्या रिकाम्या, अशा सेमिनारांना आम्हीही बसलो आहोत. डुलक्याही काढल्या आहेत. तसली परिषद आम्हाला नको.

कशी हवी, याचा थोडा अंदाज आम्हाला एका रविवारी आला. आमच्या शाखेने रेल्वे इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये अकरा जणांना बोलावले होते. डेपोतले मास्तर, दोन जुने मेकॅनिक आणि जवळच्या आयटीआयचे एक निदेशक. भाषण कोणी केले नाही. प्रत्येकाने बिघडलेला एक पार्ट पिशवीत घालून आणायचा, एवढीच अट. कोणी जळालेले वाइंडिंग आणले, कोणी आतून काजळी धरलेली तांब्याची नळी आणली. ती नळी हातोहात फिरली. ब्रेझिंग करताना आतून नायट्रोजन सोडला नाही की अशी काजळी धरते, आणि तीच पुढे जाऊन कॅपिलरी तुंबवते, हे आयटीआयच्या निदेशकांनी सांगितले. आमच्या डेपोतल्या दोघांनी हे पहिल्यांदाच ऐकले. उलट निदेशकांनी धावत्या डब्याचे हादरे फ्लेअर नटचे काय करतात हे आमच्या मेकॅनिककडून वहीत उतरवून घेतले. टॉपअपवरून तर भांडण जुंपले, चहा थंड झाला. निवृत्तीला तीन वर्षे राहिलेले एक मास्तर जाताना म्हणाले, "वीस वर्षे शिकवतोय. पोरांना काय कळत नाही, हे मला आज पहिल्यांदा कोणी विचारले."

आमचे टपालबंधू म्हणतील, हे सगळे डब्यांचे झाले, आमचे काय? आरएमएसच्या डब्यात पंखा फिरला तरी नशीब मानणारी तुमची पिढी आम्ही पाहिली आहे. पण २०१३ नंतर कोअर बँकिंग आले आणि २०२५ मध्ये पुन्हा नवी संगणक प्रणाली आली, तेव्हा काउंटरवर तुम्हाला कोणी शिकवले ते आठवा. चार दिवस आधी स्वतः शिकून आलेल्या सहकाऱ्याने. लिंक तुटली की रांगेतल्या शिव्या त्याने खाल्ल्या आणि तुम्हीही. शिकवणाऱ्याला कोरडे ठेवून कामगाराला जबाबदार धरायचे, ही रीत दोन्ही खात्यांत एकच आहे.

येत्या पीएनएम बैठकीसाठी आम्ही विषय दिला आहे. वातानुकूलन शिकवणाऱ्या प्रत्येक इन्स्ट्रक्टरला वर्षातून तीन दिवस परिषदेसाठी ड्युटी मिळावी. परिषद हॉटेलात नव्हे, वर्कशॉपमध्ये, चालू यंत्रांसमोर व्हावी. सूचनापत्रके हिंदी व प्रादेशिक भाषेत मास्तरांच्या हातात सही घेऊन द्यावीत. आणि ज्या गॅसचे प्रशिक्षण दिलेले नाही त्या गॅसवरच्या चुकीसाठी कामगाराला चार्जशीट देऊ नये. ठेकेदाराकडच्या मुलांनाही यात घ्यावे असा आमचा आग्रह आहे. त्यावर काही साथी नाराज आहेत, ते आम्हाला ठाऊक आहे. पण ज्योत घेऊन पुढे जाणारा हात कुणाच्या पगारपत्रकावर आहे, हे गॅस पाहत नाही.

भुसावळ, नागपूर, सोलापूर, पुणे, मुंबई आणि महाराष्ट्राबाहेर इटारसी, हुबळी, सिकंदराबाद येथील आपल्या शाखांनी आपल्या डेपोतील व ट्रेनिंग सेंटरमधील इन्स्ट्रक्टरची नावे, त्यांचे शेवटचे प्रशिक्षण कोणत्या साली झाले आणि सध्या ते कोणत्या गॅसवर शिकवतात, एवढी माहिती बैठकीपूर्वी युनियन ऑफिसला पाठवावी. शेवटचे प्रशिक्षण झालेच नसेल तर तसे लिहावे, रकाना रिकामा सोडू नये.